मार्थाबाईंचे आठ ते नऊ

मार्थाबाई साळवे यांच्या घरात शुक्रवारी रविवार असायचा.

कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून तिथल्या अहमदी गावातल्या ख्रिस्ती मंडळींची उपासनाही शुक्रवारीच भरे. बाकीचे लोक एवढ्यावर थांबले. मार्थाबाईंना अर्धवट काम खपत नसे. उपासना रविवारची, तर त्या दिवसाला रविवारच म्हणायचं, असं ठरवून त्यांनी अख्खा आठवडा दोन दिवस पुढे सरकवला. भिंतीवरच्या कॅलेंडरातले वार खोडून लाल शाईने नवे लिहिले. मला त्यांनी पहिल्यांदा चहाला बोलावलं ते बुधवारी. मी बुधवारी गेले. दार उघडून म्हणाल्या, "परवा यायचं होतं. चहा गार झाला."

गुड फ्रायडे मग कुठल्या वारी येतो, असं मी एकदा विचारलं.

"जीभ दाखव," त्या म्हणाल्या.

हे त्यांचं हत्यार होतं. तेल कंपनीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, पन्नाशीच्या, एकट्या. कोणी वाद घालू लागलं की त्या जीभ दाखवायला लावत. जीभ बाहेर काढलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. आमच्या ह्यांनी तर एकदा भर बाजारात जीभ काढली होती.

आणि मी? मी एकोणीस वर्षांची, साताऱ्याहून नुकतीच आलेली, ड्राफ्ट्समनची बायको. वाळूत उंच टाचांच्या चपला घालून चालायची आणि दर दहा पावलांवर रुतायची. आईला पत्रात लिहायची, 'इकडे मी फार सुधारले आहे.' मिशनच्या शाळेत एक वर्ष काढलं होतं, तेवढ्या भांडवलावर मार्थाबाईंना सांगून बसले, "चर्चमधलं मला सगळं येतं." माझ्या सुनांनो, फुशारकी मारू नका. ती बरोब्बर नको त्याच्याच कानावर पडते.

अहमदीत उपासनेसाठी एकच हॉल होता. इंग्रजी मंडळी, मल्याळी मंडळी, तमिळ मंडळी, सगळ्यांनी तास वाटून घेतलेले. सकाळी आठ ते नऊ मराठी. मराठी मंडळी म्हणजे मार्थाबाई, एक कंपाउंडर, त्याची बायको आणि सोलापूरचा एक वेल्डर. चौघं. बाकीच्यांची गर्दी दाराबाहेर उभी राही. शेवटी हॉलच्या कमिटीने नियम काढला: किमान बारा माणसं हवीत, नाहीतर तास दुसऱ्यांना. येत्या शुक्रवारी सेक्रेटरी स्वतः मोजायला येणार.

"मोजू दे की," मार्थाबाई म्हणाल्या. "येशूने बारांवर भागवलं. मीही भागवीन."

संध्याकाळी त्या आमच्या दारात. बरोबर हसनभाई. हे रत्नागिरीकडचे, कंपनीच्या मेसमध्ये स्टोअरकीपर. त्यांच्या खोलीत आणखी पाच कोकणी मुसलमान राहत. मी, आमचे हे आणि हे सहा. चौघांत आठ मिळवले की बारा.

"बाय, मी बसेन," हसनभाई मान खाजवत म्हणाले. "पण गाना बिना मी बोलूचा नाय. आणि जुम्म्याच्या आधी मला सोडायचा."

"नऊला मोकळे. आणि गायला कोण सांगतंय? नियमात 'बारा माणसं' असं लिहिलंय. तुम्ही माणूस आहात ना?"

"हाय तर."

"मग झालं."

"पण हे जरा फसवल्यासारखं..." आमचे हे पुटपुटले. त्यांना जीभ दाखवावी लागली.

शुक्रवारी मला पहिल्या बाकावर बसवलं. "हिला सगळं येतं," मार्थाबाईंनी सर्वांना बजावलं. "ही उठली की उठायचं, बसली की बसायचं. ही करेल ते करायचं."

सेक्रेटरीसाहेब उंच, गोरा, उन्हाने लालबुंद झालेला. मागे वही घेऊन उभा. सुरुवात बरी झाली. मग कंपाउंडरने झांजा काढल्या आणि मार्थाबाईंनी गीत धरलं. शब्द येशूचे, पण चाल अशी की डोळे मिटले तर देवळात असल्यासारखं वाटावं. मी मिटले. टाळ्या वाजवल्या. गीत संपलं, झांजा थांबल्या, आणि माझ्या एकोणीस वर्षांच्या सवयीने मला उठवलं. मी हात जोडून स्वतःभोवती गरकन गिरकी घेतली.

डोळे उघडले तेव्हा माझ्यामागे सगळी रांग फिरत होती. आमचे हे फिरत होते. कोकणचे पाचही जण फिरत होते. हसनभाई निम्म्यात भानावर येऊन भिंतीकडे तोंड करून थांबले होते. सोलापूरचा वेल्डर जन्माचा ख्रिस्ती, तोही फिरला. त्याला वाटलं, नवीन पद्धत आली.

साहेब पुढे आला. "हा तुमच्या उपासनेचा भाग आहे?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मार्थाबाईंनी पापणी हलवली नाही.

"नगरकडे असतं," त्या म्हणाल्या. "माणसं मोजा. फिरली किती ते विचारायचा नियम नाही."

साहेबाने मोजली. बारा. तास राहिला.

आमचं काम झालं. आम्ही पुन्हा गेलो नाही. जुलै आला, कंपाउंडर नवराबायको आणि वेल्डर रजेवर गावी गेले. एका शुक्रवारी मी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मार्थाबाईंकडे गेले तर दाराला कुलूप. तशीच हॉलवर गेले. आतून आवाज आला.

"प्रभू तुम्हांबरोबर असो."

मग पावलं. मग तोच आवाज, पण खालून, "आणि तुझ्या आत्म्याबरोबर असो."

पुन्हा पावलं. मी डोकावले. आत दुसरं कोणी नव्हतं. मार्थाबाई पुढे उभ्या राहून एक ओळ वाचत, उतरून पहिल्या बाकावर येत, मंडळींची ओळ म्हणत, आणि पुन्हा पुढे जात. इस्त्रीचा पांढरा पदर घामाने पाठीला चिकटला होता.

त्यांनी मला पाहिलं. लाजल्या वगैरे मुळीच नाहीत.

"तुम्ही एकट्याच?" मी विचारलं.

"पहिली चार वर्षं एकटीच होते. त्यात काय!"

"मग घरीच का नाही करत?"

त्यांनी पुस्तकाचं पान बोटाने दाबून धरलं. "मी इथे उतरले तेव्हा मराठीत कुठे काही आहे का, म्हणून सगळीकडे हिंडले. आई गेल्याची तार आली होती. आईसाठी इंग्रजीत प्रार्थना करून बघितली. जमेना." मग दाराकडे बघत म्हणाल्या, "कोणीतरी असंच येईल. त्याला दार उघडं दिसलं पाहिजे."

मी डबा खाली ठेवला, पहिल्या बाकावर बसले आणि तिथलं पुस्तक उघडलं. त्या पुढे गेल्या, त्यांची ओळ वाचली आणि सवयीने खाली यायला वळल्या.

खालची ओळ मी वाचली.

त्या जागच्या जागी थांबल्या.