ग्वाल्हेरहून आलेला आकडा

मध्यभारताचे सरकार उन्हाळ्यात इंदुरास आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरीस असते. माझी बायको अंबिका मार्गशीर्षात आजारी पडली. चूक तिचीच.

पायाच्या जखमेचे विष अंगात भिनले आणि साखर चढली. दवाखान्यात भरती केले. तेथे गंभीर रोग्याचे रक्त रोज सकाळी तपासत. तपासणारे दिवाकर इंदुरातच होते, पण आकड्यावर सही करणारे साहेब सरकारबरोबर ग्वाल्हेरला गेलेले. म्हणून आकडा रोज गाडीने ग्वाल्हेरला जाई आणि सही होऊन तिसऱ्या दिवशी परत येई. बिनसहीच्या आकड्यावर उपचार करण्यास मनाई होती.

सोमवारचा आकडा बुधवारी दुपारी आला. चारशे बारा. इन्शुलिनची सुई सुरू झाली. मंगळवारचा, म्हणजे सुईच्या आधीचा, गुरुवारी आला. चारशे चाळीस. 'सुई देऊनही साखर वाढली' असा शेरा पडला आणि डोस दुप्पट झाला.

शुक्रवारी सकाळी अंबिकाला दरदरून घाम सुटला. हात गार पडले. मला ओळखेना. "आईला बोलवा," म्हणाली. तिची आई जाऊन वीस वर्षे झाली होती.

"सिस्टर, साखर उतरली असेल हो!"

प्रेमलता सिस्टरांनी तक्ता पुढे केला. "बाबूजी, चारशे चाळीस लिहिलंय न. आणि घाम कुठे लिहू? घामाचा रकानाच नाही."

मी दिवाकरांकडे धावलो.

"आजचा आकडा?"

"तयार आहे."

"कमी की जास्त, एवढंच सांगा."

"भिया, कमी म्हटलं तरी ते सांगितल्यासारखंच झालं. सही येऊ द्या. रविवारी छुट्टी. सोमवारी पक्का."

माझ्या खिशात खजरान्याच्या गणपतीचा लाडू होता. त्यातला तुकडा तिच्या ओठांशी नेला. सिस्टर ओरडल्या, "शुगरच्या पेशंटला लाडू? मारायचंय का बाईंना?"

मला मारायचे नव्हते. मी लाडू परत खिशात ठेवला. दुपारची सुई अगदी वेळेवर दिली गेली.

संध्याकाळी ती गेली.

मल्हारगंजातल्या घरी माणसे भेटायला येत होती. तीन दिवस मी त्यांना घाम सांगत होतो, गार हात सांगत होतो. "दुःखात माणसाला असं वाटतंच," म्हणून ती पाठीवर हात ठेवत. सोमवारी शिपाई शुक्रवारचा कागद घेऊन आला. पोच म्हणून माझी सही घेतली. मग खिशांतून चष्मे निघाले. कागद हातोहात फिरला.

"अरेरे! साखर खरंच उतरली होती की हो!"

आकडा तुम्हालाही हवा असेल. बत्तीस. खाली साहेबांची सही आहे.

आता बसला ना विश्वास?