डब्याच्या तळाचा कागद

शिवानीचं अक्षर चांगलं होतं. पुढे जे काही झालं त्याचं खापर फोडायचंच तर ते त्या अक्षरावरच फोडावं लागेल.

लग्न होऊन ती पुण्याहून बेंगळूरला, राजाजीनगरात आली, त्याला तीनच आठवडे झाले होते. नवऱ्याचा, म्हणजे रणजीतचा, मित्र प्राणेश याची कॅलिफोर्नियाहून ई-मेल आली. उद्या आईचा वाढदिवस आहे, मल्लेश्वरमला जाऊन तिला फुलं देशील का, आणि सोबत या दोन ओळी. रणजीत त्या दोन ओळी प्रिंटरवर छापून नेणार होता.

"छापून नको," शिवानी म्हणाली, "मी हाताने लिहून देते."

निर्णय एवढाच. (पाचवीत तिला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. बक्षीस म्हणजे प्लॅस्टिकचा कंपास होता, आणि तो तिने सासरी आणलेल्या सामानात होता. यावरून काय ते समजावं.)

प्राणेशच्या आई, कावेरीअक्का, ते पत्र हातात धरून रडल्या. मग त्यांनी फोनवर प्राणेशला सांगितलं. प्राणेशने ऑफिसात सांगितलं, आणि त्याचं तिकडचं ऑफिस म्हणजे बेंगळूरचंच निम्मं जयनगर आणि उरलेलं बसवनगुडी. वर्ष उलटायच्या आत, म्हणजे नव्याण्णव साली, शिवानीची स्वतःची वेबसाइट होती. नाव, 'अप्पाअक्का डॉट कॉम'. मुलांनी तिकडून ई-मेल करायची, आणि इकडे त्यांच्या आईवडिलांच्या दारात स्टीलचा डबा पोचायचा. वर मोगरा, मध्ये फळं, तळाला सासूबाईंच्या हातचे पाच बेसनलाडू, आणि झाकणाला दोऱ्याने बांधलेलं, शिवानीने हाताने लिहिलेलं पत्र.

घराला अभिमान किती वाटावा! सासरे जयसिंगराव रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून रणजीतची डब्यांनी लादलेली स्कूटर मार्गस्थ करत. "आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथे घोड्यावरून आले," ते शेजाऱ्यांना सांगत. "साडेतीनशे वर्षांनी या दारातून पुन्हा स्वारी निघतेय." (स्वारी कारखान्यातून नुकतीच घरी आलेली असे, आणि तिला चहाही मिळालेला नसे.)

आता इथे एक अडचण होती. डबा परत येताना रिकामा येत नसे.

भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे बेंगळूरच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. त्यामुळे मल्लेश्वरमहून डब्यात चटणीपुडी यायची, बसवनगुडीहून सांडगे, कुणाकडून परसातली लिंबं, कुणाकडून नुसताच कढीलिंब. आणि सासूबाई, मालनबाई, यांचं म्हणणं असं, की समोरच्याने इतक्या प्रेमाने काही पाठवलं तर आपणही काहीतरी धाडायला नको का? मग तो डबा पुन्हा निघायचा. ऑर्डर नाही, बिल नाही, नुसता डबा. एक दिवस रणजीतने मोजले. स्कूटरवरच्या सोळा डब्यांपैकी अकरा स्वतःच्या हौसेने हिंडत होते. आणि डबा निघाला म्हणजे त्याला पत्र हवंच. पत्र कोण लिहिणार? शिवानी.

दिवाळी, मग तिळसंक्रांत, मग लग्नसराई. शिवानी दिवसाला चाळीसेक पत्रं लिहू लागली. मग तिच्या बाबतीत काही गोष्टी घडायला लागल्या. एका सकाळी देवापुढे हात जोडून ती पुटपुटली, "आपली ऑर्डर मिळाली, धन्यवाद." सासऱ्यांना चहा देताना म्हणाली, "आपली नम्र." एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ओट्याला टेकून उभी झोपली आणि वरण, भात, बटाटा यांचं एकच काहीतरी झालं.

प्राणेशने मेलमध्ये लिहिलं, इकडे याला बर्नआउट म्हणतात.

"इकडे याला झोप नाही म्हणतात," मालनबाई म्हणाल्या. "रणजीत, तू लिही की चार पत्रं."

रणजीतने लिहिलं एक. शिवानीने ते पाहिलं. त्याचा प्रत्येक 'अ' स्कूटरवरून पडल्यासारखा दिसत होता. तिने ते घडी करून कचऱ्यात टाकलं आणि नवं लिहायला घेतलं. (ती अबोल होती, पण तिच्या अबोलपणात दम असे.)

अशात एम. जी. रोडवरच्या एका नव्या कंपनीचा रविकिरण नावाचा टाय घातलेला माणूस आला आणि म्हणाला, आम्हाला अप्पाअक्का विकत घ्यायचं आहे. त्याने लिहिलेला आकडा जयसिंगरावांनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि ते म्हणाले, चष्म्याचा नंबर बदललाय.

"शुक्रवारी येतो मॅडम," करारनामा ठेवत रविकिरण म्हणाला. "फक्त चार सह्या."

घरात चर्चा झाली. जयसिंगराव म्हणाले, किल्ला लढवायचा की सोडायचा हे किल्लेदाराने ठरवावं. रणजीत म्हणाला, तू म्हणशील ते. (हे वाक्य नवरे फार उदारपणे बोलतात, कारण पुढे काही झालं तर ते कामी येतं.) मालनबाईंनी एवढंच विचारलं, "आणि लाडू?"

"ते मशीनवर करतील, आई."

मालनबाईंनी त्या रात्री दुप्पट लाडू वळले.

विकायचं म्हटलं की शिवानी वेबसाइट उघडून बघत बसायची. लग्नानंतर या घरात तिचं म्हणावं असं हेच होतं. पडदे सासूबाईंचे, पलंग आजेसासूबाईंचा, नवरा तर काय सगळ्यांचाच. पण न विकावं तर समोर उद्याची चाळीस पत्रं होती. दुसऱ्या कुणाला लिहायला देणं हा तिसरा मार्ग तिला सुचलाच नाही. किंवा सुचला आणि तिने तो घडी करून कचऱ्यात टाकला.

गुरुवारी दुपारी तिने चार सह्या केल्या. सह्या इतक्या सुरेख आल्या की ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली. मग कागदांना झुरळं लागू नयेत म्हणून तिने ते फळीवरच्या एका धुतलेल्या डब्यात ठेवले, आणि तिथेच टेबलावर डोकं टेकून झोपी गेली.

शुक्रवारी सकाळी रविकिरण आला. शिवानीने डबा आणायला हात लांब केला. फळीवर डबा नव्हता.

"आई, इथला डबा?"

"कावेरीअक्कांचा? तो काल संध्याकाळीच गेला की. त्यांच्या चटणीपुडीला उलटं काही गेलं नव्हतं."

"त्यात कागद होते!"

"होते की. तू तळाला घालून ठेवलेस ना? मी म्हटलं पोरीला किती कळतं. चांगला जाड कागद, तूप धरून ठेवतो. त्यावरच लाडू रचले."

रविकिरणने टाय सैल केला. "मॅडम, तो स्टँप पेपर होता."

"म्हणूनच," मालनबाई म्हणाल्या, "एक थेंब झिरपला नाही."

रणजीत स्कूटरची किल्ली शोधत होता तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबली. कावेरीअक्का उतरल्या, आणि मागोमाग डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून त्यांचे यजमान भीमाचार्य. भीमाचार्य निवृत्त हेडमास्तर. बाहेरचं खात नसत. म्हणून मालनबाईंचे लाडू ते घरात आणूनच खात.

डबा टेबलावर ठेवून त्यांनी झाकण काढलं. वर करारनामा होता. तुपाने तो असा पारदर्शक झाला होता की पहिल्या पानावरून चौथं दिसत होतं. आणि चारही पानांवर लाल शाईच्या खुणा होत्या.

"एकवीस चुका," भीमाचार्य म्हणाले. "ड्राफ्ट कोणी केला?"

"आमच्या लीगल डिपार्टमेंटने, सर," रविकिरण नकळत उभा राहून म्हणाला.

"पुन्हा लिहायला सांगा. आणि मुली, तिसरं पान वाचलंस? 'सध्याच्या सर्व ग्राहक कुटुंबांसह'. म्हणजे आम्हीच ना?"

"आम्हाला विकलं की हो हिने!" कावेरीअक्का खुर्चीवर बसल्या. "कितीला गेलो गं आम्ही?"

शिवानीला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. रविकिरणने सावरून घ्यायला पुढे येत म्हटलं, "अम्मा, काही बदलणार नाही. आमचा माणूस वेळेवर येईल, सही घेईल, जाईल."

"जाईल? बसणार नाही?"

"नाही."

"रणजीत स्वल्प बसतो. गॅसचा सिलिंडर बदलून देतो. त्या दिवशी ह्यांचं ब्लडप्रेशरचं औषध आणून दिलं. सरी, बरं, ते जाऊ दे. डबा परत न्यायला कधी येईल?"

"डबा नाही, अम्मा. कार्टन. वापरून फेकून द्यायचं."

मालनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे परत काहीच जायचं नाही?" त्या म्हणाल्या. "कुणी कुणाला?"

त्या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या कागदपत्रांत नव्हतं. सगळे शिवानीकडे बघू लागले. इतक्या माणसांसमोर ती सहसा बोलत नसे. पण झोप न झालेल्या माणसाला भीड उरत नाही.

"मला विकायचं नाही," ती म्हणाली. "पण मला झोपायचंय." आणि तिला रडू आलं.

"मग झोप की," भीमाचार्य म्हणाले. "पत्रं मी लिहीन. मल्लेश्वरमचे डबे कावेरी सांभाळेल. तुझ्या या बिनऑर्डरीच्या डब्यांना पत्र कशाला? ते बायका आपसात बघून घेतील."

"पण अक्षर..." शिवानी डोळे पुसत म्हणाली.

"चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, मुली."

तिने पेन दिलं. बाळाला पहिल्यांदा शाळेत सोडतात तसं दिलं. पेनाच्या टोपणाची सवय सांगितली, शाई कुठली ते सांगितलं, 'ळ'ची गाठ नीट काढायची विनंती केली. भीमाचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टोपण खिशाला लावलं.

रविकिरण निघाला तेव्हा मालनबाईंनी त्याच्या हातात लाडवांचा डबा दिला. तो नको नको म्हणत होता, पण ते कराराच्या बोलण्यातलं नको होतं, त्याला जोर नव्हता. (आठ दिवसांनी त्याच्या आईने तो डबा गोड हुग्गीने भरून पाठवला. आता त्या घरचाही डबा फिरतो.)

शिवानी पंधरा दिवस पुण्याला माहेरी गेली आणि त्यातले नऊ झोपली. उरलेल्या सहा दिवसांत ती मैत्रिणींना सांगत हिंडली की माझी कंपनी विकत मागायला आले होते, मी दिली नाही. सांगताना मान आपोआप ताठ व्हायची. माझ्यावाचून तिकडे काय गोंधळ चालला असेल, याचीही तिला गोड काळजी वाटत होती. परतीच्या बसमध्ये तिने हुबळीपासूनच पेनात शाई भरून ठेवली.

घरी गोंधळ नव्हता. डबे ओळीने मांडलेले होते. रणजीत चहा पिऊन, चक्क खुर्चीत बसून, पेपर वाचत होता. स्वारी वेळेवर निघून वेळेवर परतत होती.

तिने कॉम्प्युटर लावला. डेट्रॉइटच्या एका ग्राहकाची मेल आली होती. त्याची आई बसवनगुडीत राहते, दीड वर्षांपासूनची ग्राहक. शिवानीने ती मोठ्याने वाचायला घेतली, सगळ्यांना ऐकू जावी म्हणून.

"'कंपनीचं मॅनेजमेंट बदललेलं दिसतं,'" ती वाचू लागली. "'आपले मनापासून अभिनंदन. काल आई फोनवर म्हणाली...'"

ती थांबली.

"काय म्हणाली?" जयसिंगरावांनी अभिमानाने विचारलं.

"छान म्हणाली," शिवानी म्हणाली आणि मॉनिटर बंद केला.

पण रणजीत मागे उभा होता, आणि तो वाचून मोकळा झाला होता.

"'...दीड वर्षात पहिल्यांदाच अक्षर कळलं,'" त्याने पुरं केलं, "'तुझं पत्र मला शेजारणीकडून वाचून घ्यावं लागलं नाही.'"