चार धपाटे, पाच टिचक्या

“थांब! चौथ्या अक्षरावर थांब, गधड्या! यती आहे तिथं, विसावा आहे! तलावात म्हैस घुसल्यावानी समोर काहून घुसून राहिला?”

शाळेत लांजेवार सर मला मंदाक्रांता वृत्त शिकवत होते. फळ्यावर नव्हे, पाठीवर. गुरू अक्षराला धपाटा, लघूला टिचकी. म्हणजे ओळ सुरू होताच चार धपाटे, मग पाच टिचक्या, आणि पुढचं शुद्धीवर असलो तर. कविता होती दूरदेशी अडकलेल्या, बायकोसाठी झुरणाऱ्या नवऱ्याची. जुनी, थोर, रडवणारी. आम्ही रडायचोच. अड्याळच्या आमच्या वर्गातल्या एकानंही पुढे प्रेमविवाह केला नाही. ‘प्रिये’ म्हटलं की पाठ आपोआप वाकायची.

कुणी अर्थ विचारला तर सर म्हणायचे, “अर्थ गाईडात सापडते. तू गण सांग.”

सरांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. घरीही तेच. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, “भात झाला” म्हटलं की सर आधी ताट वाजवून पाहत. “गुरू, लघू, गुरू, गुरू. हं, वाढ.” चाळीस वर्षांत काकूंचं बोलणं आटत आटत नुसत्या ‘हं’वर आलं. एकच अक्षर, गुरू. त्यात चूक निघत नाही.

दिवाळीत काकूंना लकवा मारला आणि तो ‘हं’ही गेला. डॉक्टर म्हणाले, “ताल धरून बोलवून पाहा. कधी कधी येते वाचा.”

तेव्हापासून सर रोज सकाळी काकूंच्या बाजेवर बसतात. त्यांच्या तळहातावर तीच कविता. गुरूला अंगठा टेकवतात, लघूला नुसतं बोट फिरवतात. चौथ्या अक्षरावर थांबतात. असे थांबतात, की तेवढ्यात मी म्हैस दोहून यावं. ज्या आवाजानं शाळेच्या छपराची कवेलं सरकायची, तो आता मधल्या भिंतीला कान लावूनही ऐकू येत नाही.

परवा मी दूध द्यायला गेलो. चौथा श्लोक नुकताच संपला होता. काकूंचे ओठ वाकडे झाले, हलले.

“मंग... भेटते का... तो तिले?”

दिवाळीनंतरचं पहिलं वाक्य. सरांनी अक्षरं मोजली नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काकू त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

“मालूम नाही,” सर म्हणाले. “पुस्तकात चारच श्लोक होते.”