महिषासुराचं बेचाळीस नंबरी हँडल

सुदेशने सायकलचं हँडल बदलायचं ठरवलं, तेव्हा आपण देवादिकांच्या लढाईत पडतोय याची त्याला कल्पना नव्हती. बिचाऱ्याची मागणी साधी होती. कंबर दुखू नये, एवढीच.

सायकल रेसची. ठाण्याच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतलेली, बारीक टायरची, पुढे मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. डॉक्टर सहा फूट उंच आणि सुदेश पाच फूट तीन इंच (चपला धरून). गेल्या वर्षी तो हिच्यावरून जव्हारहून थेट सूर्यमाळला, सासरच्या बोहाड्याला गेला होता. बोहाडा म्हणजे मुखवटे चढवून देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचवायची. शेवटच्या सकाळी देवी महिषासुराला मारते आणि उत्सव संपतो. तर सुदेश जव्हारहून निघाला सरळ आणि सासरच्या अंगणात उतरला तो वाकलेला. सासरे बुध्याबाबा म्हणाले, "जावय काय हुडकतो? काय पडला का?"

त्या दिवसापासून अख्खा पाडा त्याला 'विळा' म्हणू लागला. सुदेशला ते लागलंच, पण त्याच्या बायकोला, वर्षालीला, जास्त लागलं. ती वर्षभर माहेरी गेली नाही. त्यात आणखी एक सल होता. उन्हाळ्यात सूर्यमाळला पाण्याची टंचाई. जावयाला चहा सहज मिळतो, पण पाण्याचा दुसरा तांब्या पुढे आला तरच मान मिळाला असं समजायचं. सुदेशपुढे आठ वर्षांत दुसरा तांब्या आला नव्हता.

यंदा सायकलवरूनच जायचं आणि ताठ उतरायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं. तो जव्हारला शरीफभाईंच्या सायकल दुकानात गेला.

"आरामशीर हँडल पाहिजे."

"आराम पाहिजे तर घरी बसा ना, भाऊ."

"नाही, रेसचंच पाहिजे. पण आरामाचं."

शरीफभाईंनी त्याला भिंतीला टेकवून खांद्यांवर टेप लावली. "छाती फुगवू नका, शर्ट नाय शिवायचा. हाड ते हाड बेचाळीस सेंटिमीटर. हँडल पण तेवढंच रुंद. पुढे कमी पळणारं, खाली कमी उतरणारं, आणि खालची टोकं जरा बाहेर फाकलेली. मग हात ऐसे आराम से पडतात."

सुदेश पंचायत समितीत कारकून. त्याने तीन हँडलांचा तुलनात्मक तक्ता केला, शेरे लिहिले आणि शेवटी स्वतःचीच मंजुरी घेतली. घरी पोळपाट दोन्ही हातांनी धरून, गुडघे वाकवून, तो पकड तपासत असे. वर्षालीने दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा पोळपाट कपाटात ठेवला.

हँडल ऑनलाइन मागवलं. बायकोला मात्र सांगितलं नाही, कारण सायकलचं नाव काढलं की ती भांडी जरा जोरात घासायची. एवढंच म्हणाला, "एक पार्सल येईल. तुझ्या माहेरच्या बोहाड्यासाठीच आहे. यंदा तुझी मान ताठ होते की नाही बघ."

(या तीन वाक्यांऐवजी 'हँडल' हा एक शब्द बोलला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.)

पार्सल आलं गुरुवारी, सुदेश ऑफिसात असताना. आणि नेमका त्याच दुपारी वर्षालीचा धाकटा भाऊ हरेश रिकामं पोतं खांद्यावर टाकून दारात आला. महिषासुराच्या मुखवट्याची लाकडी शिंगं वाळवीने खाल्ली होती. नवी मिळवायला तो सकाळपासून जव्हार पालथं घालत होता.

संध्याकाळी सुदेशने चपला काढता काढता विचारलं, "पार्सल आलं?"

"आलं, आणि गेलंसुद्धा!" वर्षालीचे डोळे चक्क भरून आले होते. "मला वाटायचं तुम्हाला माझ्या माहेरचं काहीच नाही. आणि तुम्ही गुपचूप देवाच्या सोंगाला शिंगं मागवलीत?"

"शिंगं?"

"हरेश तर नाचायलाच लागला. बोलला, दाजीने कुठून हुडकली? इतकी बेस शिंगां म्हशीला पण नसतात!"

सुदेश खरं सांगणार होता. मग बायकोकडे पाहिलं. लग्नाला आठ वर्षं झाली, पण तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला, "बरीच शोधावी लागली." (हे मात्र शंभर टक्के खरं होतं.)

गच्चीवर जाऊन त्याने हरेशला हळूच फोन लावला. "अरे, ती शिंगं अजून बसवली नसशील ना?"

"बसवली! मधी लाकडाला ठोकली, शेंदूर लावला, बाबांनी नारळ पण फोडला. आता देवाची झाली, दाजी!"

आता उरलं जुनं हँडल. सायकल नवं हँडल बसवायला शरीफभाईंकडेच ठेवलेली होती, तो धावत तिकडे गेला. ते त्यांनी आदल्याच दिवशी काढून, मधोमध कापून, ट्यूब टांगायला भिंतीत ठोकलं होतं. "तुम्हीच बोलला ना, नवीन येतंय?"

त्यामुळे सुदेश सूर्यमाळला गेला तो जीपने. पण ताठ उतरला. बुध्याबाबांनी स्वतः पुढे होऊन तांब्या दिला. तो संपला, तशी सासू आतून दुसरा घेऊन आली! पाणी पिताना त्याने वर्षालीकडे पाहिलं, तर ती मोठ्या ऐटीत वहिनीशी बोलत होती. हँडल गेलं तर गेलं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"चल, सदरा काढ," बुध्याबाबा म्हणाले.

"कशाला?"

"शिंगां ज्याची, सोंग त्याचा. आमचे पाड्याची रीत हाय."

सकाळचं ऊन माळावर चढलं होतं. संबळ वाजू लागला आणि सुदेशच्या डोक्यावर महिषासुर चढला. मुखवटा चांगलाच जड. तो डावीकडे कलला तसे सुदेशने दोन्ही हात वर करून शिंगांची टोकं घट्ट धरली. आणि काय सांगावं! बरोबर खांद्याएवढी रुंदी, मनगटाला ताण नाही, हात अगदी आरामात पडलेले. तक्त्यातला एकेक शेरा खरा ठरला. त्या भरात तो तीन फेऱ्या नाचला. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मग देवी आली, तलवार फिरली, आणि रीतीप्रमाणे महिषासुर कमरेत वाकला.

टाळ्या झाल्या. देवी घरी गेली. मुखवटा उतरवला, संबळ थांबला, तरी महिषासुर वाकलेलाच.

बुध्याबाबा जवळ आले, खाली वाकून त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "जावय, काय पडला का?"

त्या दिवशी सुदेशला तिसरा तांब्याही मिळाला. कढत, कमरेवर.

तो ओसरीवर पालथा पडलेला असताना वर्षालीने हौसेने त्याच्याच मोबाइलवरून त्याचा फोटो स्टेटसला टाकला. शिंगं धरलेला, आवेशात नाचणारा नवरा. पाड्याने बदाम पाठवले, ऑफिसने हात जोडले. शेवटी शरीफभाईंचा मेसेज आला. तो तिने सुदेशला मोठ्याने वाचून दाखवला.

"सुदेशभाऊ, हँडल उलटं बसवलंय. कंबर तर दुखणारच."