लिंबाजीबापूंची कानडी

लिंबाजीबापूंनी मला फसवलं, आणि तेही शिकवून. मी बैलांचा व्यापारी. जनावराच्या तोंडात हात घालून त्याचं वय सांगतो आणि मालकाच्या तोंडाकडे बघून त्याची गरज ओळखतो. शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं बाजारात ठोकरा खाऊन शिकलो. अशा माणसाच्या गळ्यात एका ऊसतोड्याने अख्खी भाषा खोटी मारली.

एका दुष्काळात मांजरसुंब्याजवळ एका सहकारी संस्थेने चारा छावणी काढली होती. माझे चार बैल तिथे होते. शेजारच्या दावणीला चकलांब्याच्या लिंबाजीबापूंची एकुलती एक म्हैस. बापू माणसांशी मराठीत बोलायचे आणि म्हशीशी भलत्याच भाषेत. सकाळी उठले की तिच्या कानाशी त्यांचं सुरू व्हायचं. म्हैस रवंथ करत सगळं ऐकून घ्यायची.

मी त्यांच्या गावच्या एकाला विचारलं, "ही कोणती भाषा?"

"कानडी असंल. नवराबायको लई वर्सं तिकडल्या कारखान्यांना ऊस तोडाया जायचे. फडात दिवसभर हेच बोलायचे."

माझे कान टवकारले. सीमेपलीकडच्या बाजारात बैल चांगले मिळतात, पण भाषा येत नाही म्हणून मध्ये दलाल घ्यावा लागायचा, आणि तो दोन्हीकडून खायचा. मी बापूंना म्हणालो, "मला तुमची भाषा शिकवा. बदल्यात मी तुम्हाला बैलाचे दात शिकवतो."

"शिकवतो की. पर लिवायचं न्हाई. लिवलं की डोस्क्यातून जातं."

हे त्यांचं पालुपद. मी वही काढली की ती हिसकावून घ्यायचे आणि तिने म्हशीवरच्या माश्या हाकलायचे. शिकवायची रीतही अजब. पाण्याला काय म्हणतात, असं विचारलं तर सांगायचे नाहीत. भर उन्हात बसवून ठेवायचे. माझा घसा कोरडा पडला की घागरीवर हात ठेवून म्हणायचे, "भुरमी." मी ते नीट म्हणेपर्यंत तांब्या मिळत नसे. 'थकलो' शिकवायला त्यांनी मला गोदामापासून दावणीपर्यंत उसाच्या मोळ्या वाहायला लावल्या. 'जड', 'घाम' आणि 'पुरे' हेही त्याच वाटेवर शिकलो. छावणी हसायची. "काय शेठ, म्हशीची चाकरी धरली का?"

माझी विद्या मात्र त्यांनी एका सकाळीत उचलली. कानशीने घासून तरुण केलेले दात कसे ओळखायचे, हे मी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. बापूंनी दुपारपर्यंत ते साऱ्या छावणीला फुकट सांगून टाकलं. मी तडकलो, तर म्हणतात कसे, "एकट्यानं ठिवून काय कामाचं?"

छावणी उठली तोवर आम्ही दोघं तासन्‌तास बोलायला लागलो होतो. मी तडक सीमेपलीकडचा बाजार गाठला, एक जोडी हेरली आणि मालकाला झोकात भाव विचारला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भावाला हाक मारली. दोघांनी मला दंडाला धरून लिंबाखाली बसवलं आणि डोक्यावर पाणी ओतलं. मी "पुरे, पुरे" ओरडत होतो, पण तेही बापूंच्या भाषेत, म्हणून त्यांनी आणखी ओतलं. शेवटी तोच जुना दलाल आला.

"शेठ, ऊन लागलं का? काय बोलताय हे?"

"कानडी."

तो हसता हसता खालीच बसला.

दुसऱ्या दिवशी चकलांब्यात बापूंच्या दारात उभा राहून मी आधी शिव्या मोजल्या. मग विचारलं, "मला का फसवलं?"

"मी कवा म्हणलो कानडी हाय म्हून?"

खरंच म्हणाले नव्हते. बाजारात उभं आयुष्य गेलं माझं, आणि मालाचं नाव विचारायचं मीच विसरलो होतो.

"मग ही आहे तरी कुणाची?"

"आमची. माजी आन् सुभद्रेची."

फडात टोळीचा मुकादम सतत डोक्यावर उभा असायचा. त्याला कळू नये म्हणून नवराबायकोने एकेक शब्द जोडत नेला होता. टोळीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. सुभद्राबाई गेल्यावर बापूंना कोणत्याच टोळीने नेलं नाही.

"अर्ध्या कोयत्याला कोन इचारतं, शेठ? कामाचं जाऊ द्या. बोलावं कुणाशी? म्हशीला समदं समजतं, पर ती बोलत न्हाई."

मी आलो होतो भांडायला; उठलो तेव्हा दिवस कलला होता आणि आम्ही मराठीचा एक शब्दही बोललो नव्हतो. तेव्हापासून माझा गोंधळ झालाय. जगात दोघांनाच येते तिला विद्या म्हणायचं की खूळ? तरी मी चकलांब्याला जातोच. हल्ली बापू शब्द विसरतात आणि मी दुरुस्त करतो. गुरू कोण, हेही आता धड सांगता येत नाही.

गेल्या बाजारच्या दिवशी ते एसटीने नेकनूरला आले. मी सौद्यात होतो. गर्दीतून वाट काढत त्यांनी माझी बाही धरली.

"शेठ, सुभद्रा मला एक हाक मारायची. आपल्या भाषेत. काय व्हती ती?"

मला ठाऊक नव्हती. त्यांनी शिकवलीच नव्हती. बापू ओठ हलवून एकेक शब्द जुळवून पाहत होते. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं. मी जोडीची दोरी सोडून दिली आणि भर बाजारात त्यांच्या अंगावर ओरडलो:

"घाम शिकवलात, मुकादम शिकवलात, आणि हाच एक शब्द मागे ठेवलात? मी विचारलं नाही म्हणून? आता तो मी कुणाकडून आणायचा? जबाब द्या, बापू!"