लाखात उरलेला एक

शिवलिंगप्पा मास्तरांचा हिशेब चुकला, असं म्हणायची माकणीत कुणाची छाती नव्हती. बावीस वर्षं निजामाच्या मदरशात त्यांनी पोरांना उर्दूतून भागाकार शिकवला होता. म्हणून नातवाच्या तापात रुद्रम्मा महादेवाला लाख बेलांची लाखोली बोलली आणि ताप उतरला, तेव्हा ती त्यांच्याकडेच आली. घरच्या बायांत सारखी वाटणी करून द्या, एवढंच तिचं मागणं. घर एका चुलीवरचं होतं आणि ते तसंच राहावं म्हणून तिचा जीव तुटत होता.

मास्तरांनी पाटीवर लाखाला तिनाने भागलं आणि तिघी सुनांना प्रत्येकी तेहतीस हजार तीनशे तेहतीस बेल नेमून दिले. बाकी एक उरली, ती बोटाने पुसून टाकली. लाखात एकाची काय मातब्बरी!

श्रावणभर तिघींनी शिवारातल्या बेलांचे खराटे केले. शेवटच्या दिवशी मास्तरांनी देवळात बेरीज मांडली आणि त्यांना घाम फुटला. लाखाला एक कमी होता.

आता शेवटचा बेल जिच्या हातचा, तिच्या हातून नवस फिटणार. थोरली इरम्मा म्हणाली, मान माझा. धाकटी म्हणाली, ताप माझ्या लेकराला आला होता. मधलीला या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं, ते का, हे ती मोठ्याने विचारत होती. दुपारपर्यंत बोलणं बेलावरून भाकरीवर आणि भाकरीवरून वेगळ्या चुलीवर आलं. खांबाला टेकलेल्या रुद्रम्माचं तोंड एवढंसं झालं.

मास्तरांनी तोड काढली. लाख अडतंय तर दहा लाखांची बोलू, उरलेले सावकाश वाहू. त्यांनी भागून पाहिलं. तिनावर तीन पडत गेले आणि शेवटी एक उरला. कोटी घेतले, एक उरला. पाटी संपली तेव्हा ते नंदीला वळसा घालून फरशीवर खडूने मांडत गेले. अब्ज, खर्व, निखर्व. संख्या फुगत होती आणि तळाशी तोच एक, न घटता न वाढता, बसला होता. मास्तरांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं पोरांना हा आकडा लिहून दिला, पण त्याचं रूप त्यांना आज दिसलं. त्यांनी खडू ठेवून हात जोडले.

"अव्वा, कितीबी मोठा करा, एक ऱ्हातोच," ते रुद्रम्माला म्हणाले.

"मास्तर, तुमी कुनाकुनात वाटलं?" रुद्रम्माने विचारलं.

"तिघी सुनांत."

"मंग मी कोन?"

मास्तरांनी हळूच चाराने भागलं. पंचवीस हजार, बाकी शून्य. दहा लाखांना अडीच लाख, बाकी शून्य. इतका वेळ हटून बसलेला आकडा मुकाट्याने वाटला गेला.

रुद्रम्माने पदराची गाठ सोडून एक वाळका बेल काढला. "पैल्या दिशीच तोडून ठिवला हुता. माजा वाटा कवा सांगत्यात, वाट बगत हुते."

बेल कधी शिळा होत नाही. तिने तो पिंडीवर वाहिला आणि लाख भरले.

तिघींच्या माना खाली गेल्या. मग इरम्मा पुढे झाली. "आत्याबाई, लई दमलाव तुमी. पाय दाबते." लगोलग मधली आणि धाकटीही सरसावल्या.

पाय दोन आणि सुना तीन. मास्तरांनी वहाणा उचलल्या आणि कुणी वाटणी विचारायच्या आत ते देवळाबाहेर पडले.