गुलाबरावांची डावी चप्पल

गुलाबरावांच्या पायांत एकाच जोडाच्या चपला क्वचितच दिसत. त्या वर्षी उजव्या पायात त्यांची स्वतःची काळी होती, डाव्या पायात बायकी लाल. टाच मागे दोन बोटं बाहेर.

मी अमरावतीच्या दवाखान्यात मुख्य नर्स. चादरी, सुया, बाटल्या, सगळ्यांच्या याद्या माझ्याकडे. असलं विजोड मला खपत नाही.

"हे काय, गुलाबराव?"

"सखूबाईची हाय, सिस्टर. पाय होईस्तोवर मी घालून राहिलो."

बडनेऱ्याची रेल्वेतली सुतारकी सोडून हा माणूस लाकडी पाय करायला शिकून आला होता. "काहून रे, देवानं दिलेले कमी पडले काय?" असं त्यांच्या काकूनं विचारलं, तरी ऐकलं नाही. ज्याचा पाय करायचा, त्याची बिनकामाची चप्पल ते मागून घेत आणि पाय तयार होईपर्यंत घालत. पुतण्याच्या लग्नातही तसेच गेले. व्याह्यांनी घाईघाईनं आपल्या चपला मोजल्या.

शेवटी मीच नवा जोड आणला. त्यांनी उजवी घातली, डावी मला परत केली.

"ही लाल चावते, म्हणून काम आठोते. सुखाची घातली तं मी ढिला पडीन."

सखूबाई बाळापूरकडची, वावरात निंदणाला, तण उपटायला जाणारी. तिची एकच अट होती. "खाली बसता आलं पायजे. नाही तं तुह्या पायाची काय पूजा करू?"

पहिला पाय बसताना अडला. दुसऱ्यानं ती बसली, पण उठताना कोलमडली. "हात धरून उठवाले तू येशीन काय वावरात?" म्हणाली. गुलाबराव पुन्हा दवाखान्यामागच्या आपल्या कामाच्या शेडमध्ये शिरले. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला आलेल्या फोडावर मीच पट्टी बांधली.

तिसरा पाय ऐन उन्हाळ्यात तयार झाला. सखूबाई दवाखान्याच्या अंगणात बसली, दोन-चार काड्या उपटल्या आणि कशालाही न धरता उठली. गुलाबरावांनी लाल चप्पल उपरण्यानं पुसून तिच्या लाकडी पावलात घातली. ती फाटकाबाहेर पडून मोटार स्टँडकडे निघाली.

"मागं पायलं काय तिनं?"

"नाही."

"मंग जमलं! दुखत असतं तं फिरून पायलं असतं."

म्हणाले खरं, पण ती दिसेनाशी होईपर्यंत तापल्या जमिनीवर उघड्या पावलानं उभे राहिले.

मी कपाटातली ती नवी डावी चप्पल आणून पुढ्यात ठेवली. त्यांनी ती घातली, चार पावलं चालले आणि हिरमुसून म्हणाले,

"हे तं चावतच नाही, सिस्टर."